वैष्णवीच्या पापण्या

"डोळे मिट, हलू नको," मी म्हणाले आणि चिमटा हातातच राहिला. पोरीच्या पापण्यांना एकही केस नव्हता.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं पार्लर आहे. आयलॅश एक्स्टेन्शन म्हणजे पापणीच्या एकेका केसाला नकली केस चिकटवणं. मुळात केसच नसेल तर चिकटवणार कशाला? माझी अम्मी बदाम जाळून काजळी धरायची, ती एरंडेलात खलून काजळ करायची. पापण्या दाट व्हाव्यात म्हणून मोहल्ल्यातल्या पोरी ते न्यायच्या. पण अशी पोर तिनेही पाहिली नसेल.

"आजारी होतीस का गं?"

वैष्णवी मेडिकलच्या क्लासला होती. "न्हाई ताई. वाचता वाचता मीच उपटते. कळतच न्हाई. आज पप्पा भेटायला यायलेत."

डॉक्टरला दाखव म्हटलं, तर रडायलाच लागली. शेवटी स्ट्रिप लावली. नवरीला लावतो ती केसांची अख्खी पट्टी, गोंदानं थेट कातडीवर बसते. आरशात बघून पोर हसली.

तासाभरात बाप तिला घेऊन हजर. "मॅडम, हिला शिकायला ठिवली का नटायला?"

वैष्णवी मानेनं नको नको म्हणत होती. मी तरी सगळं सांगितलं. पट्टी हलकेच सोडवून दाखवली. तो खुर्चीत बसला.

"भूकंपात माझी माय गेली, घर गेलं. तरी उठून कामाला लागलो. हिला नुसतं वाचायचं तर हाय!"

"भाऊ, मनाच्या डॉक्टरकडं न्या. थोडे दिवस घरी ठेवा."

"परीक्षा तोंडावर आली. आता नेलं तर सगळंच गेलं की." तो लेकीच्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ही पट्टी परीक्षेपर्यंत टिकंल का? हिच्या मायला कळू नये."

"रोज काढून लावावी लागते."

"मग हिलाच शिकवा."

माझा संताप संताप झाला. पण नाही म्हटलं असतं तर तिने भलताच गोंद लावला असता. शिकवलं. पोर हुशार, एकदा दाखवलं आणि जमलं.

त्यानंतर तिच्या हॉस्टेलमधून आणखी पोरी यायला लागल्या. खाली बघूनच पट्टी मागतात. मी डॉक्टरचं नाव सांगते, त्या मान हलवतात आणि पट्टी घेऊन जातात. धंद्यातलं एक मात्र कळलं. नवरीच्या पापण्या लग्नसराईपेक्षा परीक्षेच्या तोंडावर जास्त खपतात.