कडुनिंबाभोवतीची माती

ओल्या सिमेंटचा वास आला की मला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचा कडुनिंब आठवतो. त्याच्या सावलीत मखमलाबादहून येणारी एक मावशी भाजी विकायची. एका सकाळी मी ऑफिसला निघाले, तर रस्ता काँक्रीटचा करणारी माणसं थेट बुंध्यापर्यंत सिमेंट ओतायच्या बेतात होती आणि मावशी गोणपाट पसरून बुंध्याला टेकून बसली होती. “उठा मावशी, काम खोळंबलंय,” मुकादम म्हणाला. “नाय उठणार. समदं बुजवल्यावर झाडानं पानी कुठून प्यायचं?” मग ती माझ्याकडे वळली, “ताई, तू शिकलेली हायेस, तू तरी सांग ह्यांना.” खरं तर मलाही काही ठाऊक नव्हतं. पण मी फोनवर शोधलं आणि झाडाभोवती मीटरभर माती मोकळी ठेवायचा नियम मोठ्यानं वाचून दाखवला. मुकादम ओशाळला. साहेबांशी फोनवर बोलून तो टेप घेऊन आला, “मीटर इथपर्यंत भरतोय, चालेल?” मावशीनं टेपकडे बघितलंसुद्धा नाही. मीटरच्याही पुढे पसरलेल्या गोणपाटाच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, “हितवर.” तो हसला आणि त्यानं तिथंच विटा लावून घेतल्या. मावशीनं बळेच पिशवीत कोंबलेली मेथीची जुडी घेऊन मी तासभर उशिरा ऑफिसला पोचले. आता गुडघे दुखतात म्हणून मावशी येत नाही, तिची सून बसते. मी गाडी थांबवून सासूबाईंची खुशाली विचारते, तेव्हा ती हसते. “बऱ्या हायेत. घरी गेले की पयली झाडाची चौकशी करत्यात, मंग भाजी किती खपली ते.”