लांबून हिरवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोचं हेदर माझ्या हातून मेलं. बोअरचं खारं पाणी या सदाहरित झुडपाला सोसत नाही, म्हणून ती पिंपात साठवलेलं पावसाचं पाणीच घालायची. ती अंथरुणाला खिळल्यावर मी चार दिवस बादल्या वाहिल्या, मग कंटाळून बोअरची नळी सोडली. गेल्या आठवड्यात हात लावला, तर पानांचा चुरा झाला. लांबून मात्र ते अजून हिरवंच दिसतं. जवळ जाऊन हात लावणं आपण किती गोष्टींत टाळत असतो!

खिडकीशी पडल्या पडल्या ती शेजारणीला सांगते, "जन्मात कधी तुळशीला पाणी घातलं नाही ह्यांनी, पण माझं हेदर जगवलं हो!"

डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. तिला खरं सांगायचं अजून बाकी आहे.