पाच काट्यांची पिसू

जीवन खोब्रागडे उंदीर पकडतो. चौदा वर्षं झाली, कंत्राटावर. मी त्याच्या सर्वेक्षणाची जीप चालवतो, म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्क माझा.

संध्याकाळी घराघरांत पिंजरे लावायचे, सकाळी उचलायचे, उंदराला बेशुद्ध करून पांढऱ्या ट्रेमध्ये ब्रशनं झाडायचं. खाली पिसवा पडतात. या पिसवांच्या दोन उपजाती. पश्चिमेकडच्या पिसवेला मागच्या टोकाशी चार काटे, पूर्वेकडच्या पिसवेला सहा. कुठली कुठवर राहते हे नकाशावर मांडायचं, एवढंच काम. लोक ऐकून हसतात. सुरुवातीला मीही हसलो होतो.

घोळ पहिल्याच वर्षी झाला. आमच्या भागात पाच काट्यांच्या पिसवा निघायला लागल्या. दोन उपजाती जिथे भेटतात तिथे त्यांची लेकरं अधलीमधली निघणारच, यात नवल कसलं? पण फॉर्मवर रकाने दोनच. जीवननं वर कळवलं. वरून उत्तर आलं, 'नीट मोजा.' त्यानं पुन्हा मोजलं, पुन्हा पाच. शेवटी वैतागून त्यानं स्वतःच एक नियम केला. अशी पिसू वैनगंगेच्या पवनीकडच्या तीरावर सापडली तर चार लिहायचं, लाखांदूरकडच्या तीरावर सापडली तर सहा. "लिहून टाक ना बे, कोण पाहून राहिला," असं मीच म्हणालो होतो. ते पाप अर्धं माझं.

गेल्या वर्षी नकाशा छापून आला. बरोब्बर वैनगंगेवरून रेषा! मोठी माणसं हरखून गेली. पिसू नदी ओलांडत नाही म्हणे! आणि त्याच नकाशाच्या जोरावर जीवनला कायम करायचा प्रस्ताव वर गेला. त्याचं वय पंचेचाळीस, म्हणजे ही शेवटचीच संधी. त्याच्या बायकोनं, रत्नमालावहिनींनी, तर सगळ्या मोहल्ल्यात सांगूनही टाकलं.

तेवढ्यात वरच्या ऑफिसातून तृप्ती मॅडम तपासणीला आल्या. तरुण, हुशार. रेषा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती, आणि त्यांचा अहवाल गेल्यावरच प्रस्तावावर सही होणार होती. जीवन दोन दिवस धड जेवला नाही.

पवनीकडच्या आसगावला, सुमनबाई नावाच्या शेतकरणीच्या घरी, धान साठवायच्या ढोलीजवळ लावलेल्या पिंजऱ्यात उंदीर सापडला. मॅडमनी पडवीतच सूक्ष्मदर्शक मांडला आणि पहिलीच पिसू काचेखाली घेतली. बराच वेळ त्यांनी डोळा उचलला नाही.

"जीवनभाऊ, मला पाच दिसतायत. अशी अधलीमधली तर दोन्हीकडच्या पिसवा एकत्र आल्या तरच व्हायची ना?"

सुमनबाई सुपात धान पाखडत होत्या, त्याच बोलल्या. "न याले का झालं? माही पोरगी नदीपल्याड दिघोरीले देल्ली आहे. आमचे पोते तिकडे जातेत, तिकडचे इकडे येतेत. उंदीर का पुलावर थांबते?"

पिसवा नदी कशा ओलांडतात हे चौदा वर्षांचं कोडं बाईंनी एका दमात सोडवलं. मॅडमनी जीवनकडे पाहिलं. मला वाटलं, बोल बाबा, एकदाचं बोलून मोकळा हो. आणि बोललास तर घरी बसशील, हेही वाटलं. माझाच जीव टांगणीला लागला होता, त्याचं काय झालं असेल!

"पाचवा काटा नाही तो, मॅडम," जीवन म्हणाला. "ब्रशचा बाल चिकटते कधी कधी. नवीन डोळ्याले काटाच वाटते."

मॅडम ओशाळून हसल्या. "अनुभव तो अनुभव," म्हणाल्या, आणि कापसानं ती काच पुसून टाकली. जीवनचा हात अर्ध्यापर्यंत पुढं गेला आणि मागं आला.

महिन्याभरात आदेश आला. पेढे वाटले, वहिनी आनंदानं रडल्या. जीवननं कागद माझ्या हातात दिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर दरवर्षी नमुने घेऊन सीमारेषेची खात्री करणे.'

"रिटायर होयेपर्यंत अजून तेरा वर्सं, भय्याजी," तो म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही पूल ओलांडून लाखांदूरकडच्या दिघोरीला गेलो. पुढं धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर चालला होता. सकाळी पहिल्याच उंदराच्या अंगावर पाच काट्यांची पिसू निघाली. जीवननं सहा लिहिलं.