माळावर झाडं नकोत म्हणणारी सातवी

"एक मेला सुट्टी आहे ना तुला? मग ये. माझी सातवीची मुलं ग्रामसभेत बोलणार आहेत."

वैशालीचा हा फोन आला नसता तर मी भर उन्हाळ्यात सोलापूरच्या दिशेने गेलेच नसते. डी.एड.ला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी पुण्यात पुस्तकं छापणाऱ्या कंपनीत रमले आणि ती मोहोळ तालुक्यातल्या एका लहान गावच्या जिल्हा परिषद शाळेत.

"कशावर बोलणार आहेत?" मी विचारलं.

"माळावर झाडं लावू नका, यावर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पर्यावरण म्हटलं की झाडं लावायची, एवढं तर मला येत होतं. म्हणून मुलांना भेट काय न्यावी, तर बीजगोळ्यांची भली मोठी पिशवी घेतली. माती, शेणखत आणि आत चिंचेचं, कडुलिंबाचं बी.

तीस एप्रिलला सकाळी सहाची सोलापूर एसटी पकडली. इंदापूरला नाष्टा, साडेअकराच्या आसपास मोहोळ. तुम्ही या दिवसांत जाणार असाल तर अकराच्या आत पोहोचा, कारण त्यानंतर स्टँडवरच्या बाकाला हात लावला तरी चटका बसतो. तिथून गावात जायला वडाप, म्हणजे गच्च भरल्याशिवाय न हलणारी जीप. माझ्या मांडीवर कुणाची तरी टोपली आणि टोपलीत दोन कोंबड्या. वीस रुपये.

वैशालीच्या घरी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांदा असं जेवण झालं. चार वाजता आम्ही शाळेत गेलो. मुलं व्हरांड्यात वाट पाहत होती. मी मोठ्या उत्साहाने पिशवी उघडली. मुलं पिशवीकडे बघत राहिली, मग एकमेकांकडे. शेवटी तेलकट वेण्या घातलेली एक बारीक मुलगी अगदी जपून म्हणाली, "चांगलं हायत की ताई. पण आपण रस्त्याकडंला टाकू. माळावर नगं."

ही सानिका. उद्या तीच बोलणार होती.

मग मुलांनी मला माळ दाखवायला नेलं. शाळेमागे गावाच्या मालकीचं मोठं गवताळ रान, वाळून पिवळंधमक झालेलं. मला ते ओसाडच वाटलं. "ताई, हितं थांबा!" सानिका ओरडली. माझ्या पुढच्या पावलाजवळ, जमिनीतल्या नुसत्या खळग्यात चार अंडी होती. रंग थेट मातीखड्यांचा. माळटिटवीची अंडी. थोड्या अंतरावरून पक्षीण आमच्यावर ओरडत होती. अंड्यांपासून हातभर अंतरावर चुन्याची पांढरी खूण होती. अशा खुणा माळभर होत्या. पावसाआधी तिथे खड्डे खणून झाडं लावायची, भोवती तार घालायची, असं पंचायतीने ठरवलं होतं. त्यावर उद्याच्या सभेत शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

"सावली पडली की हे गवत मरतंय," सानिका म्हणाली. "गवत गेलं की टिटवी, चंडोल, खोकड, सगळी जातेत. त्यांना मोकळंच लागतंय."

परत आल्यावर वैशालीचा तास सुरू झाला. तिने भाषण लिहून दिलं नव्हतं. गेला महिनाभर तिने मुलांना घरोघरी पाठवून एकच प्रश्न विचारायला लावला होता: तुम्हाला झाडं का हवीत? एसटीच्या थांब्यापासून गावापर्यंत सावली नाही, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. खड्डे खणण्याची मजुरी मिळेल, असं बायांनी.

"मग ते चुकीचं बोलतायत का?" वैशालीने विचारलं.

"न्हाय मॅडम," वर्ग म्हणाला.

"मग उद्या आधी हेच बोलायचं. त्यांचं आपण ऐकलंय, हे त्यांना कळू द्या. टिटवी नंतर."

मी मागे बसून ऐकत होते. मीही शिक्षिका व्हायला निघाले होते, हे मला कितीतरी वर्षांनी आठवलं.

एक मेला सकाळी झेंडावंदन झालं, निकाल वाटले आणि देवळासमोरच्या मांडवात ग्रामसभा भरली. सरपंच चाळिशीच्या एक बाई होत्या, मुलं त्यांना काकू म्हणत. त्यांनी नाव पुकारलं तशी सानिका उठली. "आदरणीय सरपंच आणि ग्रामस्थहो, जैव... जैववि..." शब्द अडकला तो अडकलाच. मागे कुणीतरी हसलं. माझ्या शेजारी वैशालीने पदर मुठीत धरला होता, पण ती जागची हलली नाही.

सानिकाने स्वतः लिहून आणलेल्या कागदाची घडी केली. "काकू, आमाला झाडं नगं असं न्हाय. थांब्यापासनं चालत येताना माझ्या आजीला दोनदा चक्कर आलीय. झाडं तितं लावा, दोन्ही बाजूनं. स्मशानाजवळ लावा. खड्डे तेवढंच हुतील, मजुरी पण तेवढीच. माळ तेवढा सोडा. तितं अंडी हायत."

फेटा बांधलेले एक आजोबा उठले. "हिच्या आज्याची मेंढरं चरत्यात माळावर. तार पडली की चराई बंद. म्हणून ही बोलतीय."

सानिकाचा चेहरा लाल झाला.

"व्हय, चरत्यात की," ती म्हणाली. "त्यासाठी पण बोलतीय. टिटवीसाठी पण बोलतीय. दोन्ही खरं हाय."

सरपंचकाकू चपला पायात सरकवत म्हणाल्या, "चल, दाखीव कुटं हायत अंडी." पंधरा-वीस माणसं त्या उन्हात माळावर गेली. मुलांनी सगळ्यांना एका रांगेत, पायवाटेवरूनच नेलं. काकू वाकल्या, पदर डोक्यावर ओढून बराच वेळ बघत राहिल्या. "या खुणा टाकायला मीच आले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या पायाखालीच असणार ही."

ठराव झाला: यंदा झाडं रस्त्याच्या कडेला आणि स्मशानाजवळ. शाळेमागचा अर्धा माळ आहे तसा राहील, उरलेल्या अर्ध्याचा विचार ऑगस्टच्या सभेत. मुलांनी उड्या मारल्या, सानिका मात्र रडायला लागली.

"अगं, अर्धा मिळाला की!" वैशाली म्हणाली.

"पण मॅडम, अर्धा कुटला त्ये टिटवीला कसं कळणार?"

वैशालीने तिला जवळ घेतलं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मुलांबरोबर मी माझे बीजगोळे थांब्याच्या रस्त्याला टाकले आणि त्याच थांब्यावरून परतीला निघाले.

अशा कुठल्याही माळावर जाणार असाल तर सकाळी आठच्या आत जा, पाणी भरपूर न्या आणि पायवाट सोडू नका. गावातल्या शाळेत आधी विचारा, मुलं आनंदाने नेतील. घरट्याजवळ रेंगाळून फोटो काढत बसू नका. मी काढले त्या फोटोंत तसंही काही दिसत नाही. घरी लेकीने एकेक मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "आई, नुसतं गवत आहे." दोन दिवसांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. मग तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं, की मुलांना मी असं शेवटचं कधी शिकवलं होतं ते मला आठवत नाही. शिक्षिका न झाल्याची चुटपुट इतकी वर्षं नव्हती. आता आहे, आणि ती असलेली बरी वाटते.

जूनमध्ये वैशालीचा फोन आला. अंडी फुटली, तीन पिल्लं मुलांनी पाहिली. सानिका पुढच्या शिक्षणासाठी मोहोळला जायला लागली, तरी ऑगस्टच्या सभेची तयारी तिनेच हातात घेतली आहे. पुन्हा घरोघरी फिरणं सुरू झालंय. सगळ्यात आधी ती त्या फेटेवाल्या आजोबांकडे गेली.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"त्यांना तार का हवी, ते त्यांनी तासभर सांगितलं. ही ऐकत बसली."

"आणि मग?"

"मग त्यांनी चहा दिला. रविवारी परत बोलावलंय."