विहिरीकडचे दोन एकर

तुळशीराम काळबांडे यांचे गेल्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी वाशीमच्या एका खासगी रुग्णालयात निधन झाले. वय ब्याऐंशी, कारण न्यूमोनिया. त्यांचा मुलगा विजय याचा फोन आला तेव्हा मी जिल्हाधिकारी कार्यालयात एका बैठकीच्या दाराबाहेर उभा होतो. तो एवढेच म्हणाला, "दादा, बाबा गेले. पेपरात द्या." दुसऱ्या दिवशी चार ओळी छापून आल्या. रिसोड येथील निवृत्त शिक्षक, पश्चात एक मुलगा, एक मुलगी, बहीण आणि नातवंडे.

सर रिसोडच्या एका हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. नववीत मी त्यांच्या वर्गात होतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या संसदेला पाठ्यपुस्तकात दीड पान होते, सर त्यावर तीन आठवडे घेत. वाशीमच्या कोर्टातल्या एका वकिलांच्या कपाटात तेव्हाच्या चर्चांचे जुने खंड होते. रविवारी एस.टी.ने जाऊन सर त्यांतून वहीत उतरवून आणत. राज्यघटना लिहायला जमलेल्या सभेलाच स्वातंत्र्यानंतर देशाचे कायदेही करावे लागले, हे त्यांनी आम्हाला फळ्यावर दोन चौकोन काढून दाखवले होते. माणसे तीच, पण घटनेसाठी बसली की अध्यक्ष एक आणि कायद्यासाठी बसली की दुसरे. घटना लागू झाल्यावर पहिली निवडणूक होईपर्यंत याच सभेने हंगामी संसद म्हणून कारभार पाहिला. निर्वासितांची सोय लावायची होती, परदेशातून धान्य आणायचे होते, निवडणुका कशा घ्यायच्या याचाही कायदा करायचा होता. "अन् त्यातच पोरीले वाटा द्याचा का नाई, हेबी ठरवाचं होतं," सर म्हणत. "आधी पोट भरू, मंग पाहू, असं नाई म्हनता आलं त्यायले. दोन्ही कामं एकाच बाकावर बसून केली."

मुलींना वारसाहक्क देणाऱ्या त्या विधेयकावर सरांचा विशेष जीव होता. हंगामी संसदेत ते अडले. आपल्याला जनतेने थेट निवडून दिलेले नाही, मग घराघरांत शिरणारा एवढा मोठा कायदा आपण कसा करायचा, असा एक आक्षेप होता. चार कलमे मंजूर झाली आणि विधेयक मागे पडले. निवडणुकीनंतर पहिल्या लोकसभेने त्याचे तुकडे करून वेगवेगळे कायदे केले, आणि १९५६ मध्ये मुलगी वडिलांच्या मालमत्तेत वारस झाली. सर विरोधकांची भाषणे आधी वाचायला लावत. "त्यायले येडे समजून वाचू नका. ते आपल्याच घरातलं बोलून राह्यले होते."

निवृत्तीनंतर दर शनिवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले जमत. मी पत्रकारितेत आलो होतो. एखादा संदर्भ तपासायचा असला की मीही जाऊन बसे. तीन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी हाच १९५६चा कायदा चालला होता. पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीने विचारले, "सर, तुमच्या बहिणीनं घेतला का मंग वाटा?"

सरांनी चष्मा काढला. "नाई. सही करून देल्ली तिनं."

"काहून?"

"म्या मांगतली होती…"

सरांनी पुढचे पान काढले, पण त्या दिवशी तास लवकर संपला.

सही म्हणजे हक्कसोडपत्राची. वडील गेले की बहिणी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडल्याचा कागद करतात. भाऊ साडी-चोळी करतो. बहिणीला कोणी विचारत नाही आणि तीही नाही म्हणत नाही, कारण माहेर राखायचे असते. सरांचे वडील गेले त्या वर्षी त्यांनीही हेच केले होते. त्याच वर्षी ते शाळेत तो कायदा शिकवत होते. हे त्यांनी मला नंतर स्वतःच सांगितले आणि म्हणाले, कागदपत्रे तुला कळतात, माझ्याबरोबर चल.

त्यांची धाकटी बहीण वेणूबाई शिरपूर जैनजवळच्या एका खेड्यात राहतात. आम्ही गेलो तेव्हा त्या अंगणात तूर निवडत होत्या.

"पेपरवाल्याले घेऊन आला का रे भाऊ? आता काय छापतं माह्यं?"

सर म्हणाले, "विहिरीकडचे दोन एकर तुह्या नावानं करतो."

"एकदा सही देल्ली ना तुले. दोन घंटे नाव गिरवलं होतं म्या. जन्मात तेवढीच एक सही केली." सुपातला खडा त्यांनी बाजूला टाकला. "अन् वाटा घेतला त भाऊबीजेले कोन बोलावन मले? इजय बोलावते का?"

"दिल्लीतबी लोक हेच म्हनत होते. पोरीले वाटा देल्ला त भाऊ-बहीन तुटन म्हनून."

"मंग खरंच म्हनत होते बिचारे."

सर मोठ्याने हसले. "खरं म्हनत होते, वेणू. पन माया राखाचं काम एकट्या बहिनीनंच काहून कराचं, हे कोनी सांगतलं नाई."

वेणूबाईंनी होकार दिला नाही. उठताना फक्त एक अट घातली, "आधी इजयले सांग. त्याच्यापासून चोरून देशीन त मी घेत नाई."

विजय सहा एकर कसतो. विहीर त्याने खोल केली, ठिबक त्याने टाकले. त्याचे म्हणणे सरळ होते. "तुमी शिकवलं, कसलं म्या. द्याचंच हाय त माळाकडचे द्या. विहिरीकडचेच कायले?"

"वाटा द्याचा त खडकाचा द्याचा का?"

"आज आत्याले, उद्या वर्षाले. मंग माह्यापाशी काय राह्यते, तुमच्या वह्या?" वर्षा ही त्याची धाकटी बहीण, अकोल्यात परिचारिका आहे. तिने काहीही मागितले नव्हते.

सरांनी त्याच्या सगळ्या हरकती क्रमाने कागदावर उतरवल्या आणि खाली सही कर म्हणून तो कागद पुढे केला. विजयने ती केली नाही. दीड वर्ष दोघे एका घरात राहून कामापुरते बोलत होते. त्या काळात सरांनी बक्षीसपत्राचा मसुदा चार वेळा बदलला. शेवटच्या मसुद्यात विहिरीच्या पाण्यावर विजयचा निम्मा हक्क कायम ठेवला होता. पाणी जाईल, ही त्या कागदावरची विजयची तिसरी हरकत होती. मग ते पुन्हा वेणूबाईंकडे गेले. विजयला सगळे ठाऊक आहे आणि तो राजी नाही, असे त्यांनी बहिणीला जसेच्या तसे सांगितले. वेणूबाई म्हणाल्या, "चोरून नाई ना? मंग ठीक हाय."

यंदा रिसोडच्या निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला. वेणूबाईंनी आयुष्यातली दुसरी सही केली. विजय आला नाही. तलाठ्याने सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याच्या फेरफाराची नोटीस काढली, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत. जमीन वडिलोपार्जित असल्याने विजयला हरकत घेता येत होती, आणि ती घेतली असती तर प्रकरण वर्षानुवर्षे चालले असते. चौथ्या दिवशी सरांना ताप आला. सातव्या दिवशी वाशीमला दाखल केले.

शनिवारी संध्याकाळी मी रुग्णालयात गेलो. ऑक्सिजनचा मास्क त्यांनी बाजूला केला. "हरकत आली का?"

नाही, अजून सहा दिवस आहेत, मी सांगितले.

"इजयले काही म्हनू नको." मास्क पुन्हा लावण्याआधी ते म्हणाले, "त्याचा हक्क हाय तो… घेऊ दे घेतली त."

विजय तेव्हा बाहेर औषधांच्या रांगेत उभा होता. मी त्याला काही बोललो नाही. सोमवारी सर गेले.

अंत्यसंस्काराला वेणूबाई एस.टी.ने आल्या. विजय फाटकापर्यंत गेला आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. दोघांत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. तेरवीच्या आधीच मुदत संपली. एकही हरकत आली नाही. त्यानंतरच्या आठवड्यात मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. दोन एकरांच्या सातबाऱ्यावर आता वेणूबाईंचे नाव आहे.

उरलेल्या चार एकरांच्या वारसनोंदीसाठी विजयने गेल्या बुधवारी तलाठ्याकडे अर्ज दिला. त्यात वारसांची दोन नावे आहेत, विजय आणि वर्षा. अर्जाला मृत्यूचा दाखला आणि दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती जोडल्या आहेत. हक्कसोडपत्र जोडलेले नाही.