नाथाने उतरवलेली चाकं

शीळफाट्याला नाथा कोळ्याचं टायरचं दुकान होतं. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास त्याच्याकडे नव्या प्रकारचं गिऱ्हाईक यायला लागलं. ठाण्याची जीपवाली मंडळी, शनिवार-रविवार डोंगरात जाऊन गाडीतच झोपणारी. त्यांना चाकं हवी असत मोठी, जाड, खोल नक्षीची. त्यांचं चिखल-दगडांचं सगळं पुराण ऐकून घेतल्यावर नाथा विचारायचा, "गाडीत म्हातारं मानूस कोन बसनार हाय?" मंडळी हसायची. नाथाला विनोद करता येत नाही हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी हसत नसे.

नाथा माझ्या वर्गातला. अभ्यासात यथातथा, बढाया मारण्यात पहिला. त्याची आई आवडाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातून डोंबिवलीत आमच्या आळीला मासळीची पाटी घेऊन यायची. माझी आई तिच्याशी बोंबलाच्या भावावरून कडाकडा भांडायची आणि मग दोघी ओट्यावर बसून चहा प्यायच्या.

नाथाला मिसरूड फुटत होतं तेव्हा त्याचा बाप, रामा, खाडीत गेला. होडी मिळाली, रामा मिळाला नाही. त्या दिवसापासून आवडाबाईने खाडीशी बोलणं टाकलं. मी उगाच सजवून लिहीत नाही. आधी ती खरंच काठावर उभी राहून भरतीला हाका मारायची, उशीर झाला तर दटावायची. नंतर मासळी निवडायलासुद्धा पाण्याकडे पाठ करून बसायची. पंधरा-वीस वर्षं हा अबोला चालला.

अठ्ठ्याऐंशी साली, सत्तरीला टेकलेली आवडाबाई एक दिवस मला म्हणाली, "सुधीरभाऊ, ह्ये पानी येतं कुठशी?"

मी शहाणपणाने सांगितलं, की उल्हास नदीचं येतं, कर्जतच्या पुढून, राजमाचीच्या डोंगरातून.

"मना तिथं जायाचं हाय. त्याला दोन शब्द सुनवायचे हायेत."

"अहो, खाडी इथे दारात आहे. इथेच सुनवा की."

"इथं ते कोनाचं ऐकतंय? जिथून निघतं तिथंच गाठाया पायजे."

मी हसून सोडून दिलं. नाथाने मात्र लगेच मनावर घेतलं. त्याच्याकडे मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी पिकअप होती, मागे ताडपत्रीचं छप्पर असलेली. आईचे गुडघे कामातून गेलेले, एका दिवसात तिला नेऊन आणणं शक्य नव्हतं. म्हणून मागच्या हौद्यात गादी घालायची, स्टोव्ह घ्यायचा आणि नदीकाठी मुक्काम करायचा असं ठरलं. तो एकटा जाऊन वाट बघून आला. शेवटचा टप्पा नदीच्या पात्रातून होता आणि तिथे बसक्या म्हशीएवढे धोंडे होते.

मग टायरचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. गाडीला होते सहाशे-सोळा, म्हणजे सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिंगवर बसणारे. त्यावर गाडीचं पोट धोंड्याला टेकणार होतं. साडेसातशे-सोळा घातले तर ती वर उचलली जाणार, पण ते मडगार्डला घासणार. म्हणून स्प्रिंगच्या कमानीला आणखी पाटे टाकून गाडी वर घ्यायची. चाकांनी दोन बोटं, पाट्यांनी तीन. महिनाभर नाथा दुसरं काही बोलत नव्हता. रुंद चाक चिखलावर तरंगतं की नाही, हवा किती कमी करायची, दगडावर नक्षी कशी धरते, सगळं मला दोन-दोनदा ऐकावं लागलं. त्याने पाण्याची खोली मोजली, धोंड्यांची उंची मोजली. चढायची पायरी मात्र मोजली नाही.

कारण असं, की त्यांच्या घरात नवी होडी पाण्यात उतरेपर्यंत बाईमाणसाने तिच्यात पाय ठेवायचा नाही. होड्या कधीच्याच विकल्या होत्या, पण नाथाने तो नियम गाडीला लावला. नव्या चाकांवर नारळ फुटेपर्यंत आईला गाडीजवळ येऊ दिलं नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी नारळ फुटला. आवडाबाई नवं लुगडं नेसून आली. दार उघडलं, दांडीला धरलं, पाय उचलला. पाय पोचेना. नाथाने मासळीची पेटी पालथी घालून दिली. तिच्यावर ती कशीबशी उभी राहिली, पण पुढचा पाय उचलताना गुडघा लटलट कापायला लागला. नाथा आणि मी दोन्ही बाजूंनी तिला उचलायला पुढे झालो.

"हात लावू नको!" म्हातारी कडाडली. "चौघांनी उचलायची येल आली का माजी? मी भांडायला चाललीय. भांडायला जानारं मानूस कुनाच्या खांद्यावर जातं?"

ती सरळ घरात जाऊन बसली. सगळा कोळीवाडा बघत होता. नाथाचा चेहरा मला बघवेना. वाटलं, आता हा आईवर चिडणार. तो चिडला नाही. जॅक काढला आणि महिनाभर ज्यांच्यावर जीव टाकला होता ती चाकं एकेक करून उतरवायला लागला.

"अरे, मग तिथे गाडी अडकेल," मी म्हणालो.

"अडकू दे. आये चढाया तर पायजे."

पाटे काढून जुनी चाकं बसवेपर्यंत दुपार झाली. आवडाबाई आली, दांडीला धरलं आणि स्वतःच्या पायांनी आत जाऊन बसली.

रात्र आम्ही तिघांनी कर्जतच्या अलीकडे एका शेतात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पात्रात उतरलो आणि तिसऱ्या-चौथ्या धोंड्यालाच गाडी पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना. डोंगर समोर दिसत होता, पण अजून लांब. नाथाने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"साडेसातशेवर गेली असती गो आये," तो म्हणाला.

आवडाबाईने दार उघडलं आणि दांडीला धरून हळूच खाली उतरली. मी सोबत निघालो, तर तिने हातानेच थांबवलं. धोंड्यांना धरत ती पाण्यापाशी गेली, लुगडं वर खोचून आत शिरली. पाणी घोट्यापर्यंत होतं. तळाचे खडे दिसत होते, बारीक मासे तिच्या पायांशी घुटमळत होते.

आम्ही दोघं शिव्यांची वाट बघत उभे राहिलो.

बराच वेळ ती खाली बघत राहिली. मग वळली. तिला इतकं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"नाथा," ती म्हणाली, "ह्याला काय बोलू रे? ह्ये तर तानं पोर हाय."

आणि वाकून तिने त्या पाण्यावरून हात फिरवला.