शेजाऱ्याला आमंत्रण

मी इंदूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. शिकवतो म्हणजे, बऱ्याचशा रिकाम्या बाकांसमोर बोलतो. बाकांनी आजवर तक्रार केलेली नाही. घरी मात्र तेवढं सुख नाही. जेवताना मी "फिलाडेल्फियात त्या वेळी" एवढं म्हटलं की बायको भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवते आणि म्हणते, "आधी जेवा. तुमची अमेरिका काही गार होत नाही."

गेल्या वर्षी, गणपतीच्या थोडं आधी, एका विद्यार्थिनीनं पहिल्यांदाच आपणहून प्रश्न विचारला. तिकडचे बडे लोक शेजारच्या कॅनडाला म्हणताहेत, आमच्यात या, आमचंच एक राज्य व्हा, अशा बातम्या सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेल्या होत्या. मुलगी म्हणाली, "सर, ये पहले भी हुआ था क्या?"

मला इतका आनंद झाला की तास संपल्याची घंटा मी ऐकूनही ऐकली नाही.

हुआ था. अमेरिका तेव्हा अजून अमेरिका झाली नव्हती. तेरा वसाहती लंडनवर रुसल्या होत्या आणि त्यांचे पुढारी फिलाडेल्फियात जमले होते. उत्तरेला ब्रिटिशांचीच अजून एक वसाहत होती, क्वेबेक. तिथले लोक फ्रेंच बोलणारे, कॅथलिक, इंग्रजांनी अलीकडेच जिंकून घेतलेले. लंडननं त्यांना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक दिली, तर इकडचे प्रॉटेस्टंट पुढारी खवळले. त्यांनी इंग्लंडच्या जनतेला पत्र लिहिलं, की असला रक्तपाती धर्म तुम्ही आमच्या उशाशी आणून बसवलात. आणि त्याच महिन्यात, त्याच बैठकीतून, क्वेबेकच्या लोकांना दुसरं पत्र गेलं. चांगलं फ्रेंचमध्ये भाषांतर करून, प्रेमानं ओथंबलेलं. धर्माचं काय एवढं, आपण सगळे एक होऊ या. त्यांची समजूत अशी, की उत्तरेला फक्त दुसरं पत्र पोचेल. दोन्ही पोचली.

वर्ग हसला. मीही हसलो. हसत हसतच घरी आलो, तर आई पलंगावर उठून बसली होती आणि तिच्यासमोर महालक्ष्म्यांची पेटी उघडी होती.

आता ही पेटी समजावून सांगायला हवी. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, दोघी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळी मुखवटे आहेत, पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते तेव्हापासूनचे. आमच्या घरची रीत अशी, की ज्येष्ठेला थोरल्या जावेनं उभी करायची आणि धाकटीला धाकट्या जावेनं. दुसऱ्या कुणाचा हात नाही. आई थोरली. धाकटी जाऊ म्हणजे आमची काकू, जी बडा गणपतीच्या गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहते आणि जिनं आमच्या घरात कित्येक वर्षांत पाऊल ठेवलेलं नव्हतं.

झालं असं होतं, की काकूच्या मुलानं इंदूरजवळच्या हातोदची मुलगी केली. मुलगी दुसऱ्या जातीची. लग्नाला आम्ही सगळे गेलो, जेवलो, आईनं सुनेची ओटीही भरली. मग महालक्ष्म्या आल्या. आई स्वतः उठून काकूकडे गेली, कुंकू लावलं, म्हणाली, "सुनेला घेऊन ये, घर तुझंच आहे." आणि त्याच आठवड्यात भजनी मंडळात कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाली, "येतील गं, पण तिच्या हातचा नैवेद्य देवीला कसा चालेल?" भजनी मंडळापासून आमच्या गल्लीपर्यंत आईला चालत यायला दहा मिनिटं लागतात. तिचं वाक्य तिच्या आधी पोचलं.

काकू आली नाही. मग बाबांनी फौज पाठवली. म्हणजे, काकांनी नवी काढलेली गॅलरी आपल्या हद्दीवर आलीये, असा अर्ज नगर निगममध्ये दिला. घण घेऊन माणसं आली, गॅलरी पाडून गेली. फिलाडेल्फियावाल्यांनीही हेच केलं होतं. प्रेमपत्रानंतर वर्षभरात त्यांचं सैन्य उत्तरेत शिरलं. बर्फाच्या वादळात मार खाऊन परत आलं, हा फरक. बाबांचं सैन्य जिंकलं.

पुढे बाबा गेले, काकाही गेले. आई दर वर्षी दोघी देव्या एकटीच उभ्या करायची आणि धाकटीच्या निऱ्या बसवताना म्हणायची, "हे मी तिच्या वतीनं करतेय." कुणी काकूचा विषय काढला की एकच उत्तर, "यायचं असेल तर दार उघडंच आहे." तिकडच्या पुढाऱ्यांनीही आपल्या पहिल्या करारनाम्यात असंच कलम घालून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाला आमच्यात यायचं असेल तर नऊ राज्यांची संमती लागेल, कॅनडाला मात्र कुणाला विचारायची गरज नाही, सरळ यावं. दार इतकं उघडं होतं. आत कुणी आलं नाही.

तर त्या संध्याकाळी आई पेटी उघडून बसली होती. तिचे हात आता चहाचा कप धरू शकत नव्हते. हृदयाचं दुखणं होतं, आणि डॉक्टर दिवाळीबद्दल बोलायचं टाळत होते. ते टाळताहेत हे आईला आमच्या आधी कळलं होतं.

"या वर्षी माझ्यानं दोघी व्हायच्या नाहीत," ती म्हणाली. "एक कशीबशी करीन. तू तिच्याकडे जा. म्हणावं, तुझी तू येऊन उभी कर. एवढ्या एका वर्षी. मग मी तिला त्रास द्यायला नसेन."

बायको म्हणाली, "मी करते ना आई, धाकटीचं."

"तू कुठे माझी जाऊ आहेस?" आई म्हणाली. आईचा हा मुद्दा बिनतोड होता.

मी बाहेर येऊन चपला घालायला लागलो. बायको मागे आली. "तुम्ही एकटे वाटाघाटीला जाऊ नका. तुम्हाला भाजीवाल्याकडून कोथिंबीर मागता येत नाही."

बायकोचं माहेर आणि काकूचं माहेर एकाच गावचं, म्हणून तिला न्यायचं ठरलं. फिलाडेल्फियाहून शेवटी गेलेल्या शिष्टमंडळानंही एक कॅथलिक पाद्री सोबत घेतला होता, आपला माणूस पाहून समोरचा विरघळेल म्हणून. त्या मंडळाचा म्होरक्या सत्तरीचा म्हातारा. अर्धवट गोठलेल्या सरोवरातून होडीनं गेला, पाय सुजले, अंगावर गळवं उठली. तिथल्या बिशपनं आपल्या पाद्र्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, त्या पाहुण्या पाद्र्याला थारा देऊ नका. म्हातारा हात हलवत परतला. बर्फ, होडी, सरोवर, यातलं काही मला नव्हतं. मला फक्त दोन दारं ओलांडायची होती, तरी मी बायकोला पुढे केलं.

काकू ओसरीवर मक्याचे भुट्टे किसत बसली होती. चष्म्यावरून बघितलं.

"वाट चुकलास का रे?"

"वाट कसली काकू, भिंत तर एक आहे."

"तेच म्हणते. हातोदहून बस याच्यापेक्षा लवकर येते." मग बायकोकडे वळून, "तू बैस गं. तुझा काय दोष."

सून आतून दोन बश्यांत भुट्ट्याचा कीस घेऊन आली. "दादा, तिखट ज्यादा तो नहीं ना? आई म्हणतात माझा हात तिखटाला सैल आहे." मी खाल्ला. तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बरंच झालं, कारण पुढचं बोलताना ते आलंच असतं.

मी आईचा निरोप सांगितला. काकूचा हात किसणीवर थांबला.

"हात इतके कापतात वहिनींचे?"

"कप धरवत नाही."

"भांडी पडल्याचे आवाज येतात इकडे. मला वाटायचं, सूनबाई पाडते."

"सगळं माझ्याच नावावर," बायको म्हणाली. काकू हसली, आणि मला वाटलं, जमलं.

"येईन मी," काकू म्हणाली. मी सावरून बसलो. "पण मला आता वाकवत नाही. निऱ्या माझी सून बसवेल. मी मुखवटा चढवीन, ती पदर काढेल. आमच्या घरात सगळं आम्ही दोघी मिळून करतो. आणि नैवेद्यालाही तिचा हात लागेल. वहिनींना विचार, चालेल का."

"आई, रहने दो ना," सून दारातून म्हणाली. "माझ्यामुळे कशाला?"

"तू गप. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे." मग माझ्याकडे बघून, "आणि हे बघ, वहिनी जे म्हणतील तेच येऊन सांग. गोड करून सांगू नकोस. तुमच्याकडचं गोड आमंत्रण आम्ही ऐकलेलं आहे."

निघताना सुनेनं आईसाठी कीस डब्यात घालून दिला. त्या म्हाताऱ्यानंही उत्तरेकडून येताना एक केसाळ टोपी आणली होती. शिष्टमंडळं एवढंच आणतात.

आईला सगळं सांगितलं, जसंच्या तसं. ती ऐकता ऐकता पुढे सरकली. "येते म्हणाली?" तिनं दोनदा विचारलं. "मग आण तिला. सुनेलाही आण. साडी देईन तिला, पंगतीत पहिलं पान तिचं वाढीन."

"आणि धाकटीच्या निऱ्या?"

आईनं मुखवट्यावरचं फडकं नीट केलं, म्हणजे करायचा प्रयत्न केला.

"ते कसं रे होईल," ती म्हणाली. रागानं नाही. उद्या पाणी येणार नाही म्हणून सांगावं, तसं.

"आई, देवीला काय फरक पडतो?"

"तुझी देवी पुस्तकातली आहे. मला सासूबाईंनी हातात दिल्यात. आता थोड्या दिवसांत त्यांच्यासमोर उभी राहणार मी. काय सांगू त्यांना?"

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात, समोरचा आपल्या मेलेल्या सासूला भितो अशा वेळी काय करावं, हे कुठल्याच प्रकरणात आलेलं नाही. बायकोनं प्रयत्न केला. ती म्हणाली, "आई, काकूंना बघायचंय ना तुम्हाला?" आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बघायचंय गं," ती म्हणाली, आणि मान हलवली. मान नाहीचीच होती.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. गोड केलं नाही. साडीचं सांगितलं, पहिल्या पानाचं सांगितलं, आणि मग ते दुसरं. काकूनं "बरं" म्हटलं. एवढंच. सून आत निघून गेली होती, ती डबा घ्यायला बाहेर आली.

"मोठ्या आईंनी कीस खाल्ला?"

"हो," मी म्हणालो. डबा बायकोनं आणि मी संपवला होता. माझ्याकडे बघून काकूनं पुन्हा किसणी हातात घेतली.

मग महालक्ष्म्या आल्या. बायको आईच्या कोपराला धरून उभी राहिली आणि आईनं ज्येष्ठेला साडी नेसवली. दर वर्षी चहा होईतो आटपणारं काम, त्याला दुपार झाली. निऱ्या एका बाजूला कलल्या होत्या. बायकोनं त्या सरळ करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. दुसरा स्टँड शेजारी तसाच उभा होता, नुसती लोखंडी सळी. खाली धाकटीची हिरवी साडी घडीत, आणि घडीवर मुखवटा, फडक्यात गुंडाळलेला.

"आई, मी?" बायकोनं अजून एकदा विचारलं.

"थांब जरा," आई म्हणाली. दाराकडे तोंड करून बसली होती.

संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. आत येता येता थबकायच्या. एकीनं विचारलंच, "अय्या, एकच?" आई म्हणाली, "धाकटी यायचीय अजून." त्या बाईनं माझ्या बायकोकडे बघितलं. बायकोनं तिच्या हातात प्रसाद दिला.

मी दूध आणायला बाहेर पडलो, तर शेजारच्या दारात काकूची सून फुलवाल्याशी बोलत होती. मला पाहून जवळ आली. हळूच म्हणाली, "दादा, दोघी उभ्या राहिल्या ना?"

"एक."

ती हातातल्या शेवंतीकडे बघत म्हणाली, "आमच्या आईंना नाही सांगत मी. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नाहीये."

तिसऱ्या दिवशी आईनं ज्येष्ठेवर अक्षता टाकल्या आणि मी मुखवटा उतरवला. उतरवताना आमच्याकडे 'पुढच्या वर्षी या' म्हणतात. आई काहीच बोलली नाही. विसरली असेल असं वाटून बायकोनं आठवण केली.

"कुणाला म्हणू?" आई म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवून पडून राहिली.